एक्लिप्स प्लगिन माझ्याकडे पळतं, क्लायंटकडे ग्रहण! स्वच्छ सेटअप नक्की कसा करायचा?

ग्रहणग्रस्त | बुध, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण डोक्याला शॉट लागलाय. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

आमची छोटी कंपनी आहे भोसरीत. मशिनच्या सेटिंगच्या फायली लिहायला आमची स्वतःची एक पिटुकली भाषा आहे (कोणी काढली विचारू नका, तो माणूस केव्हाच सोडून गेला). क्लायंटचे लोक त्या फायली एक्लिप्समध्येच (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) उघडतात म्हणून साहेब म्हणाले एक प्लगिन (त्यात वरून बसवायचा जोड) करून टाक, अक्षरं रंगीत दिसली पाहिजेत आणि वर 'तपासा' नावाचा मेनू, दाबला की चुका दाखवेल. मी जावावाला, पण प्लगिन कधी केलं नव्हतं. तीन आठवडे घालवले, झालं एकदाचं. रन केलं की दुसरं एक्लिप्स उघडतं, त्यात मेनू, रंग, सगळं मस्त.

काल वाळूजला क्लायंटकडे गेलो. पेनड्राईव्हवर जार (प्लगिनची बांधलेली फाइल). त्यांच्या एक्लिप्सच्या ड्रॉपइन्स फोल्डरमध्ये टाकला, रीस्टार्ट. मेनू नाही. परत रीस्टार्ट, नाही. एरर नाही, खिडकी नाही, काही म्हणजे काही नाही, जसं काही मी जार टाकलाच नाही. त्यांचा इंजिनियर मागे हाताची घडी घालून उभा. दोन तासांनी म्हणाला, "राहू द्या, मेलवर पाठवा, आम्ही बघतो." म्हणजे काय ते समजलो.

माझं एक्लिप्स २०२४-१२, चार वर्षं तेच अपडेट मारत मारत वापरतोय. त्यात डेटाबेसचं टूल आहे, दोन थीम आहेत, पायथॉनचं काहीतरी आहे, एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून टाकलेलं यूएमएलचं पण आहे. क्लायंटकडे २०२३-०६, कोरं करकरीत. ऑफिसातले म्हणतात तुझं मशीन घाण झालंय, सगळं उडवून स्वच्छ सेटअप कर. पण स्वच्छ म्हणजे नक्की काय उडवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, सोमवारी परत जायचंय.

रिकामटेकडा | गुरु, रात्री १२:३०

एक्लिप्सवर प्लगिन केलंत तर ग्रहण लागणारच की, नावातच आहे. इंटेलिजे वापरा, तेही तसलंच सॉफ्टवेअर. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

खडूस_काका | गुरु, सकाळी ७:१०

तीन प्रश्न. टार्गेट प्लॅटफॉर्म काय ठेवलंय? मॅनिफेस्टमध्ये (प्लगिनची माहिती लिहिलेली फाइल) 'रिक्वायर बंडल'खाली, म्हणजे प्लगिनला लागणाऱ्या दुसऱ्या प्लगिनांच्या यादीत, काय काय आहे? आणि तिथेच एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट म्हणून जावा कितवा लिहिलाय? उत्तरं दे, मग बोलू. मशीन फॉरमॅट बिरमॅट करू नकोस उगाच.

ग्रहणग्रस्त | गुरु, सकाळी ९:०५

काका, टार्गेट प्लॅटफॉर्म म्हणजे? ते मी कधी बघितलंच नाही.
रिक्वायर बंडलखाली सहा नावं आहेत. यूआय, कोअर रनटाइम, जेफेस टेक्स्ट, एडिटर्स वगैरे, आणि एक डेटाटूल्सचं काहीतरी आहे, ते मी लिहिल्याचं आठवत नाही.
जावाएसई-२१ आहे.

खडूस_काका | गुरु, सकाळी ९:४०

झालं, निदान झालं. आता नीट ऐक.

तू ज्या एक्लिप्समध्ये टाइप करतोस ते एक आणि ज्या एक्लिप्ससाठी प्लगिन लिहितोस ते दुसरं. ही दोन वेगळी आहेत हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. टार्गेट प्लॅटफॉर्म म्हणजे ते दुसरं. तू ते सांगितलं नाहीस तर पीडीई (एक्लिप्समधलं प्लगिन करायचं टूल) काय करतं, तुझं स्वतःचंच चालू एक्लिप्स टार्गेट धरतं. प्रेफरन्सेसमध्ये प्लगिन डेव्हलपमेंटखाली टार्गेट प्लॅटफॉर्म उघडून बघ, 'रनिंग प्लॅटफॉर्म'वर टिक असणार. म्हणजे तुझी चार वर्षांची सगळी अडगळ, ते डेटाबेसचं टूल धरून, तुझ्या प्लगिनला दिसतेय. कंपाइल करताना आणि रन करतानाही, कारण रन केल्यावर जे दुसरं एक्लिप्स उघडतं ते पण त्याच अडगळीतून उभं राहतं. म्हणून तुझ्याकडे कधीच फुटणार नाही.

आपल्या घरी मिसळणाच्या डब्यात सगळं असतं म्हणून हात आपोआप जातो आणि भाजी होते. दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर कळतं, आयला, गोडा मसालाच नाहीये.

ते डेटाटूल्स कुठून आलं ते सांगतो. कोडमध्ये कुठेतरी एखादा युटिलिटी क्लास पाहिजे होता, लाल रेघ आली, पिवळ्या बल्बवर क्लिक केलंस, त्याने 'रिक्वायर्ड बंडलमध्ये टाकू का' विचारलं, तू हो म्हणालास. बरोबर?

ग्रहणग्रस्त | गुरु, सकाळी १०:१५

काका दंडवत _/\_ शोधलं आत्ता. एकच ओळ आहे, स्ट्रिंग रिकामी आहे का बघायचा फंक्शन. एका ओळीसाठी मी वाळूजला दोन तास उभा राहिलो.

मंजिरी_के | गुरु, सकाळी १०:५०

पण त्यांना एरर का नाही दिसली हा प्रश्न राहतोच ना. त्याला ड्रॉपइन्स जबाबदार. तिथे जार टाकला की एक्लिप्स सुरू होताना बघतं, जमलं तर बसवतं, एखादं बंडल सापडत नसेल तर गपचूप सोडून देतं, तुम्हाला काही विचारत नाही. तोच जार फीचरमध्ये (प्लगिन एकत्र बसवायचा गठ्ठा) घालून त्याची अपडेट साइट बनवलीत (साधं फोल्डर असलं तरी चालतं, झिप पण चालते) आणि 'इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर'मधून टाकलंत तर ते बसवायच्या आधी सगळ्या गरजा तपासतं आणि तोंडावर सांगतं की अमुक बंडल मिळालं नाही म्हणून इन्स्टॉल होत नाही. नावासकट. दोन तासांचं काम दोन मिनिटांत.

शिवाय तुमचं जावाएसई-२१. एक्लिप्स २०२३-०६ सोबत जो जावा येतो तो १७ आहे. म्हणजे डेटाटूल्सचं काढलंत तरी प्लगिन उठणार नव्हतंच. दोन दोन कुलुपं होती दाराला.

आळशी_अजगर | गुरु, दुपारी १:२२

एवढं कशाला, नवीन एक्लिप्स डाउनलोड करा, कोऱ्या फोल्डरमध्ये उघडा, प्रोजेक्ट इंपोर्ट करा, स्वच्छ. मी तर दर सहा महिन्यांनी असंच करतो.

खडूस_काका | गुरु, दुपारी २:००

अजगरा, ते स्वच्छ नाही, ते फक्त नवीन. प्लगिन करायला पीडीई लागतं म्हणून तो एक्लिप्स कमिटर्सचं पॅकेज उतरवणार, त्यात पीडीई, गिट (कोडचे बदल साठवून ठेवणारं), जावाची टूल्स, आणखी बरंच काही आधीपासून येतं. टार्गेट सांगितलं नाही तर परत तेच सगळं प्लगिनला दिसणार. अडगळ कमी झाली, चूक तीच राहिली. आणि सहा महिन्यांनी ते पण मळलेलं.

मंजिरी_के | गुरु, दुपारी २:३५

शिवाय नवीन उतरवलं म्हणजे कोरं मिळतं असंही नाही. इन्स्टॉलरने टाकलंत तर तो प्लगिनचे जार एक्लिप्सच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट पी२ नावाचं फोल्डर असतं त्यातल्या पूलमध्ये ठेवतो, आणि तुमची सगळी एक्लिप्सं तो पूल वाटून घेतात. एक्लिप्सचं फोल्डर डिलीट केलं तरी पूल तिथेच. आणि एक्लिप्सला एकदा 'माझ्या प्रेफरन्सेस लक्षात ठेव' म्हटलं असेल तर नवीन कोऱ्या वर्कस्पेसमध्ये (प्रोजेक्ट आणि सेटिंग ठेवायचं फोल्डर) जुन्या सेटिंग आपोआप येऊन बसतात. मला एकदा हे कळायला आख्खी दुपार गेली, वर्कस्पेस नवीन आणि फॉर्मॅटर जुना, म्हटलं भूत आहे का काय.

म्हणून मी प्लगिनच्या कामाला इन्स्टॉलर वापरत नाही, सरळ झिप. विंडोजवर असाल तर झिप सी ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये सोडा. बंडलांची नावं लांबलचक असतात, डेस्कटॉपवर फोल्डरात फोल्डर करून सोडलंत तर २६० अक्षरांची मर्यादा ओलांडते आणि विंडोजचा स्वतःचा झिपवाला मध्येच रडतो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये तर नकोच, तिथे लिहायची परवानगी नसते. आणि वर्कस्पेस क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये अजिबात नको.

ग्रहणग्रस्त | गुरु, रात्री ९:३०

ताई, काका, धन्यवाद. झिप उतरवलं, सी ड्राइव्हवर टाकलं, नवीन वर्कस्पेस. आता टार्गेट कसं सांगायचं ते पायरी पायरीने सांगाल का, मी त्या खिडकीत हरवलो.

खडूस_काका | गुरु, रात्री १०:२०

लिहितो, पण आधी क्लायंटला फोन करून विचार की त्यांच्याकडे सगळ्यात जुनं एक्लिप्स कुठलं. टार्गेट त्याचं ठेवायचं, तुझ्या आवडीचं नाही. जुन्यावर बांधलेलं नव्यावर बहुतेक वेळा चालतं, उलटं धरून चालू नकोस.

आता, न्यू → अदर → प्लगिन डेव्हलपमेंट → टार्गेट डेफिनिशन. फाइलला नाव दे, 'नथिंग' म्हणजे रिकाम्यापासून सुरू कर. ही डॉट टार्गेट फाइल एका साध्या प्रोजेक्टमध्ये ठेव आणि गिटमध्ये टाक. हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वच्छ सेटअप म्हणजे तुझं मशीन नाही, ही फाइल. उद्या तुझा लॅपटॉप चोरीला गेला किंवा तू पण त्या भाषावाल्यासारखा सोडून गेलास तर पुढच्याने गिटवरून ओढलं की त्याला तेच टार्गेट मिळालं पाहिजे.

मग ॲड → सॉफ्टवेअर साइट. पत्त्यात रिलीजेस स्लॅश २०२३-०६ असं नेमकं लिही. 'लेटेस्ट'वाला पत्ता पण आहे, मोह होईल, टाकू नकोस. एक्लिप्स २०१८ पासून दर तीन महिन्यांनी नवीन निघतं, लेटेस्ट म्हणजे तुझ्या पायाखालची सतरंजी दर तीन महिन्यांनी कोणीतरी ओढणार. यादीत 'ग्रुप बाय कॅटेगरी'ची टिक काढ नाहीतर अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत. एक्लिप्स प्लॅटफॉर्म निवड. तेवढंच. जावाचं टूलिंग, गिट, काही नको, तुझ्या प्लगिनला लागत नाही. पुढे लागलं तर टाकशील आणि तेव्हा कळेल की आपण क्लायंटवर एक ओझं वाढवतोय.

डाउनलोड व्हायला वेळ लागतो. एक्लिप्स गोठलंय असं वाटेल, मारू नकोस, चहा पी. झालं की वर उजवीकडे 'सेट ॲज ॲक्टिव्ह टार्गेट प्लॅटफॉर्म' अशी लिंक आहे. ॲक्टिव्ह टार्गेट वर्कस्पेसला एकच असतं, म्हणून इतर कामं या वर्कस्पेसमध्ये आणू नकोस.

ग्रहणग्रस्त | शुक्र, सकाळी ११:१५

काका घोळ झालाय!!! टार्गेट लावल्या लावल्या एकोणीस लाल फुल्या आल्या, आधी एकही नव्हती. परत रनिंग प्लॅटफॉर्म केलं की गायब होतात. काय चुकलं?

खडूस_काका | शुक्र, सकाळी ११:२५

काही चुकलं नाही. याच फुल्या वाळूजला दिसायला पाहिजे होत्या, त्या आता भोसरीत दिसतायत. कर दुरुस्त.

ग्रहणग्रस्त | शुक्र, दुपारी ४:५०

:) केल्या. एकोणीसपैकी अठरा त्या एका डेटाटूल्समुळेच होत्या, ती ओळ उडवली, जावाचं साधं 'इज एम्प्टी' लावलं. एक वेगळी निघाली, एक मेथड जी नव्या एक्लिप्समध्ये आहे आणि २०२३-०६ मध्ये नाहीच. ती पण बदलली. फोन केला होता, ते म्हणाले सगळीकडे २०२३-०६ आहे.

जावा १७ पण टाकला. मॅनिफेस्टमध्ये १७ केलं आणि प्रेफरन्सेसमध्ये इन्स्टॉल्ड जेआरईमध्ये १७ दाखवला. एवढं पुरे का?

मंजिरी_के | शुक्र, संध्या ५:३०

त्याच्याच खाली 'एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट्स' म्हणून पान आहे, तिथे जावाएसई-१७ समोर खरंच १७ ची टिक आहे का बघा. नसेल तर एक्लिप्स २१ वरच भागवून घेतं आणि फक्त एक पिवळी वॉर्निंग देतं, जी आपण कोणी वाचत नाही.

आणि रन कॉन्फिगरेशन उघडा. तुम्ही रन करता तेव्हा जे दुसरं एक्लिप्स उघडतं त्याचा स्वतःचा वर्कस्पेस असतो, तुमच्या वर्कस्पेसच्या शेजारी 'रनटाइम' नावाने सुरू होणारं फोल्डर दिसेल. त्यात जुन्या रनचं सगळं साठलेलं असतं. मेन टॅबवर 'क्लिअर'ची टिक आहे, कॉन्फिगरेशन टॅबवर पण एक आहे, दोन्ही लावा. रोज नाही लावलीत तरी चालेल, पण क्लायंटला द्यायच्या आधी एकदा तरी. मेनूची जागा बदलली आणि तो जुन्याच जागी दिसतोय असं झालं तर तो तिथे सेव्ह झालेला खिडकीचा नकाशा असतो, प्रोग्रॅम आर्ग्युमेंटमध्ये 'क्लिअर पर्सिस्टेड स्टेट' टाकलं की जातो. लोक इथे 'क्लीन' टाकतात आणि म्हणतात काही होत नाही. 'क्लीन'ने ओएसजीआयची (एक्लिप्समधली प्लगिन चालवणारी यंत्रणा) कॅश जाते, हा नकाशा नाही.

प्लगिन्स टॅबवर 'व्हॅलिडेट' बटन आहे ते पण दाबून बघा.

रिकामटेकडा | शुक्र, रात्री ८:००

पॉपकॉर्न संपले, आता गंभीर बोलतो. इंटेलिजेवर हाच प्रकार आहे पण वाकडं जायला जागा कमी आहे. तिथे ग्रेडलच्या (बिल्ड करायचं टूल) फाइलमध्ये कुठल्या व्हर्जनसाठी प्लगिन करताय हे लिहिल्याशिवाय बिल्डच होत नाही, मग 'रन आयडीई' म्हटलं की ते स्वतः ती आयडीई (म्हणजे इंटेलिजेच) उतरवतं आणि वेगळ्या सँडबॉक्समध्ये उघडतं, सेटिंग वेगळी, प्लगिन वेगळे, तुमच्या रोजच्या आयडीईला हात लागत नाही. पण जावाचा घोळ तिथेही आहे, २०२२.२ पासून १७ लागतो, २०२४.२ पासून २१. आणि जावाऐवजी कॉटलिन भाषेत लिहिलंत तर कॉटलिनची स्टँडर्ड लायब्ररी प्लगिनच्या झिपमध्ये जाऊ द्यायची नाही, ती आयडीईत आधीच असते, दोन झाल्या की काय होईल सांगता येत नाही. हे मला एका युजरच्या शिव्या खाल्ल्यावर कळलं.

व्हीएस कोड (तसलंच आणखी एक एडिटर) वाल्यांचं अजून सोपं, एफ५ दाबलं की वेगळी खिडकी. पण त्या खिडकीत तुमची बाकीची एक्स्टेंशन्स पण येतात हे लोकांना माहीत नसतं! 'डिसेबल एक्स्टेंशन्स' लावून एकदा चालवा, तेव्हा खरं कळतं.

खडूस_काका | शुक्र, रात्री ८:१५

टेकड्या, पहिल्यांदा कामाचं बोललास.

ग्रहणग्रस्त | शनि, दुपारी १२:४०

अपडेट. फीचर केलं, अपडेट साइट एक्स्पोर्ट केली, ऑफिसातल्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर (तिथे कोणी कधी जावा बघितलेला नाही) कोरं २०२३-०६ सोडलं आणि इन्स्टॉल केलं. झालं!! मेनू आला!! पण मेनूत 'तपासा'च्या डावीकडे माझं बरोबरच्या खुणेचं हिरवं चित्र होतं तिथे एक बारकुसा लाल चौकोन येतोय. माझ्याकडे रन केल्यावर चित्र बरोबर दिसतं.

मंजिरी_के | शनि, दुपारी १:०५

बिल्ड डॉट प्रॉपर्टीज उघडा, 'बिन इन्क्लूड्स'मध्ये आयकॉन्स फोल्डर नसणार. तुम्ही रन करता तेव्हा एक्लिप्स थेट प्रोजेक्टच्या फोल्डरमधून वाचतं, त्यामुळे तिथे असलेलं सगळं दिसतं. एक्स्पोर्ट करताना मात्र फक्त त्या यादीतलंच जारमध्ये जातं. लाल चौकोन म्हणजे 'चित्र सापडलं नाही'. फाइल हाताने एडिट करत असाल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आणि उलटा स्लॅश, शेवटची ओळ सोडून. स्लॅशनंतर स्पेस राहिली तरी बोंब.

म्हणून शेवटची चाचणी नेहमी एक्स्पोर्ट केलेल्यावर करायची, रनच्या बटनावर नाही. रिसेप्शनचा कॉम्प्युटर ही आयडिया भारी आहे.

सावकाश_सुनील | शनि, संध्या ७:५५

उशिरा येतोय. हे सगळं हाताने करण्यापेक्षा टायको बघा, मेव्हनवर (जावाचं बिल्ड टूल) चालतं, तीच डॉट टार्गेट फाइल वाचतं आणि सर्व्हरवर बिल्ड करतं. सर्व्हरवर कोणाचंच डेटाबेस टूल नसतं, त्यामुळे खोटं बोलायला वाव नाही. एकच सांगतो, मॅनिफेस्टमध्ये व्हर्जन १.०.० डॉट क्वालिफायर असेल तर पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) १.०.० डॅश स्नॅपशॉट असंच लागतं, जुळलं नाही तर पहिल्याच मिनिटाला आडवं पडतं. लिनक्सच्या सर्व्हरवर खिडकीवाल्या टेस्ट चालवायच्या तर एक्सव्हीएफबी (खोटी स्क्रीन) लागेल, तिथे स्क्रीनच नसते ना.

ग्रहणग्रस्त | शनि, रात्री १०:१०

दादा वाचनखूण साठवली, पण सोमवार गाठू दे आधी.

ग्रहणग्रस्त | सोम, दुपारी ३:३२

वाळूजहून लिहितोय, मोबाइलवरून, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पहिल्या मशिनवर सात मिनिटांत झालं, मेनू पण, हिरवी खूण पण. इंजिनियरने हाताची घडी सोडली, चहा मागवला. मग म्हणाला, आता शेडमधल्या त्या कोपऱ्यातल्या मशिनवर पण टाकून द्या. त्यावर एक्लिप्स २०२०-०६ आहे. जावा ८. फोनवर "सगळीकडे" म्हणाले होते त्यात हे नव्हतं.

इन्स्टॉल करायला गेलो तर या वेळी निदान एरर तरी आली, जावाएसई-१७ मिळत नाही म्हणून, नावासकट.

खडूस_काका | सोम, दुपारी ३:४०

२०२०-०६ म्हणजे जावा ८ वर चालणारं शेवटचं एक्लिप्स. त्यांना विचार की ते मशीन अपग्रेड होईल का. नाही म्हणाले तर दुसरी डॉट टार्गेट फाइल कर, दुसरा वर्कस्पेस, आणि फुल्या मोजून इथे टाक. एकोणीसच्या वर जाणार.

ग्रहणग्रस्त | सोम, दुपारी ३:५५

नाही म्हणाले.